काटा मध्यावर आला, की...

दोस्तांनो, रस्त्यावरून धक् धक् करत बुलेट गेली, की मान आपोआप वळते ना? तो गोल दिवा, ती टपोरी टाकी! बुलेट पहिल्यांदा आली १९३२ साली, इंग्लंडात. १९५५ साली मद्रासला एन्फिल्ड इंडिया कंपनी निघाली. पुढे तिकडचा कारखाना बंद पडला, पण आपल्याकडची धडधड चालूच राहिली.

जुन्या बुलेटला स्टार्टरचं बटण नव्हतं. किल्ली फिरवली, की अँमीटरचा काटा वजाकडे झुकायचा. मग डिकॉम्प्रेसरची छोटी दांडी दाबून सिलिंडरमधला दाब सोडायचा आणि किक हळूच रेटायची. काटा मध्यावर आला, की दांडी सोडायची, किक वर येऊ द्यायची आणि मग हाणायची सणसणीत! घाई केली, तर किक उलटी यायची, थेट नडगीवर!

आता त्याच रूपाच्या नव्या गाड्या बटणावर सुरू होतात. सोयीचंच आहे ते. पण जुनी फटफटी मालकाला आपलं पोट उघडून दाखवायची. ओळख झाल्याशिवाय ती हलायचीच नाही! म्हणून तर माणसं तिच्यावर जीव टाकायची.

गिअरच्या गाडीचं लायसन्स मिळतं अठरा वर्षं पूर्ण झाल्यावर. तोवर हँडलला हात नको. पण ओळख करून घ्यायला कोण अडवतंय? गॅरेजवाल्या काकांना एकच विचारा : बुलेटचे ठोके असे सुटे सुटे का ऐकू येतात? सिलिंडर एकच, तेही मोठं आणि सावकाश चालणारं... पुढचं त्यांच्याकडूनच ऐका!