तरतूद झाली!

वर्षभर एक शब्द भातातल्या खड्यासारखा दाताखाली येतोय. तरतूद. ‘आरोग्यासाठी इतक्या कोटींची तरतूद’, ‘शाळांसाठी भरीव तरतूद’. मथळा वाचून आपण पान उलटतो, जणू काम झालंच. मग मार्च येतो, बिलांची धावपळ उडते आणि जे खर्चता येत नाही ते परत जातं.

यंदा एका प्राथमिक आरोग्य केंद्रात जाणं झालं. गाव सांगत नाही. रक्ततपासणीचं यंत्र अजून प्लास्टिकमध्येच होतं, वर लोकार्पणाचा सुकलेला हार. तंत्रज्ञाचं पद रिकामं. कागदावर खर्च मात्र शंभर टक्के!

पैसा नको, असं आमचं म्हणणं नाही. शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाचे 6 टक्के खर्चा, असं कोठारी आयोगानं 1966 साली सांगितलं. 2020च्या शिक्षण धोरणानं तोच आकडा पुन्हा गिरवला. आरोग्यावर सरकारी खर्च 2025पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्के व्हायचा होता. 2025 सरत आलं. पण तो पैसा येईल तेव्हा कुणाच्या हातून गावातल्या नवजात बाळापर्यंत पोचणार? गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 39 गावांतल्या बायकांना बाळाचे श्वास मोजायला, त्याला ऊब द्यायला, जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शन टोचायला शिकवलं. तिसऱ्या वर्षी, शेजारच्या तुलनेच्या गावांशी ताडून पाहता, नवजात मृत्यूंचं प्रमाण सुमारे 62 टक्क्यांनी उतरलं होतं. 1999 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकानं ते छापलं. भूमिपूजन कुठंच नव्हतं. घरोघर जाण्याचं ते काम 2011पासून देशभर गावोगावच्या आरोग्य स्वयंसेविकांकडे, आशाताईंकडे आलं. त्याच आशाताई मानधनासाठी आझाद मैदानात बसलेल्या आपण पाहिल्या.

बाकी वर्षाचं काय सांगावं? मे महिन्यातच कोसळलेला पाऊस, मराठवाड्यातला पूर, पहिलीपासूनच्या हिंदीचा वाद. त्या वादात आम्हीही हिरिरीनं उतरलो. जानेवारीत मुलांचं वाचन-गणित तपासणाऱ्या ‘असर’ पाहणीचा अहवाल आला होता: ग्रामीण भारतात पाचवीतल्या निम्म्याहून अधिक मुलांना दुसरीचा उतारा वाचता येत नाही. त्यावर मोर्चा निघाल्याचं ऐकिवात नाही. तुमचंही पत्र आलं नाही. आणि खरं सांगायचं तर आम्हीही ओळ लिहिली नव्हती.

अंकाचा विषय ‘उंबरठा’. ओढूनताणून संबंध लावायचाच तर आशाताई तो दिवसातून वीसदा ओलांडते. कथा-कवितांमधला उंबरठा वेगळा आहे, तो पुढच्या पानापासून. फराळाचे हात तेवढे पुसून घ्या, कागद महागलाय.