सही आणि संमती

अंधेरीत मरोळच्या औद्योगिक वसाहतीभोवती अथवा गिल्बर्ट हिलच्या पायथ्याशी राहणाऱ्या झोपडीधारकाच्या दारी विकासकाचा माणूस येतो, तो प्रथम सही मागावयास. घराचा नकाशा मागाहून, करारनामा त्याच्याही मागाहून. ज्याच्या जागेवर योजना उभी राहावयाची, त्यालाच तिची माहिती सर्वांत शेवटी मिळावी, हा क्रम आम्हांस मुळीच मान्य नाही.

झोपडपट्टीविषयीचा कायदा १९७१ चा. पुढे १९९५ साली झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण स्थापन झाले आणि पात्र झोपडीधारकास २२५ चौरस फुटांचे घर विनामूल्य देण्याची योजना निघाली. आज हे क्षेत्र ३०० चौरस फूट आहे. बांधकामाचा खर्च विकासक करतो आणि त्याच्या मोबदल्यात विकावयाची घरे बांधण्याचा हक्क मिळवितो. तेव्हा हे घर म्हणजे कोणी घातलेली भीक नव्हे. रहिवाशांच्या संमतीवरच विकासकाचा सारा व्यवहार उभा आहे. परंतु त्या संमतीचे मापच घटविण्यात आले. पूर्वी शंभरांत ७० झोपडीधारकांची संमती लागे. २०१८ पासून ५१ पुरेत. उरलेल्या ४९ जणांनाही त्याच इमारतीत, त्याच शेजाऱ्यांबरोबर आयुष्य काढावयाचे आहे, याचा विचार हे माप ठरविणाऱ्यांनी केलेला दिसत नाही.

दि. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बोलताना बाबासाहेबांनी भिक्षुसंघाच्या सभानियमांची, म्हणजे ठराव, गणसंख्या व मतदान यांची, आठवण करून दिली होती. तो वारसा सांगणाऱ्या आपण, राहत्या घराचा निर्णय करणाऱ्या सभेचा वृत्तांत सभेनंतर कोणाच्या तरी ओटीवर बसून लिहिला जातो, हे कसे चालवून घ्यावे? पात्रतेची यादी, जिला परिशिष्ट-दोन म्हणतात, ती भिंतीवर लावावीच. पण मोठ्याने वाचूनही दाखवावी. एखाद्या निरक्षर विधवेला आपले नाव गळल्याचे झोपडी पाडावयाच्या दिवशी कळणे, याहून मोठा विश्वासघात कोणता?

स्त्रियांविषयी नियम स्पष्ट आहेत. नवे घर पती-पत्नी दोघांच्या नावे व्हावयाचे आणि संस्थेच्या कार्यकारिणीत एक तृतीयांश स्त्रिया असावयाच्या. सभा मात्र नेमकी नळाला पाणी येण्याच्या वेळी ठेवावयाची, आणि मग ‘बायका येतच नाहीत’ अशी तक्रार करावयाची!

जुलै २०२४ मध्ये मुंबईतील सुमारे दोन दशके रखडलेल्या अशाच एका योजनेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने विकासकाचे अपील फेटाळले आणि १९७१ च्या कायद्याच्या अंमलबजावणीची तपासणी करण्यास मुंबई उच्च न्यायालयास सांगितले. दोन दशके म्हणजे एक अख्खी पिढी. न्यायालय दाद देईलही. पण तोवर भाड्याच्या खोलीत वाढलेल्या मुलांचे बालपण परत येत नाही.

म्हणून अंधेरीतील आमच्या कुटुंबांस सांगणे असे की, करारनाम्याची मराठी प्रत, घराचा नकाशा, आणि घर तयार होईपर्यंतच्या भाड्याची रक्कम व मुदत हाती आल्यावाचून सही करू नये. घरातील शिकत्या मुलीने ती प्रत भर सभेत उभे राहून वाचावी. प्रश्न विचारणाऱ्यास योजनेचा शत्रू ठरवू नये. आणि जे पात्र ठरले त्यांनी, शेजारी अपात्र ठरला असेल तर, त्याच्या अपिलाच्या तारखेस आपला एक दिवसाचा रोज बुडवून त्याच्याबरोबर जावे.