६२ गुण आणि औषधाची बाटली



गेल्या वर्षावासात खालापूर तालुक्यातील एका वस्तीच्या विहारात आम्ही गेलो होतो. ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’चे त्या दिवसाचे वाचन संपले, खीर वाटली गेली आणि बोलणे मुलांच्या शाळेवर आले. एका ताईंनी आठवीतल्या मुलीचे प्रगतिपुस्तक कौतुकाने आमच्या हातात दिले. इंग्रजीत ६२ गुण! सासूबाई दवाखान्यातून परस्पर विहारात आल्या होत्या. त्यांच्या पिशवीतली बाटली आम्ही मुलीपुढे धरली. ‘शेक वेल बिफोर युज’ तिने घडाघडा वाचले. “म्हणजे काय गं बाळ?” पोर गप्प. बाटली हलवून औषध घ्या, एवढेच तिथे लिहिले होते.

दोष मुलीचा नाही. धड्याखालचे प्रश्न, गाईडमधली उत्तरे, परीक्षेतही तेच. ६२ गुण मिळाले ते पाठांतराला. न पाहिलेला उतारा तिच्यापुढे कुणी ठेवलाच नव्हता.

आमच्या पिढीची एबीसीडी पाचवीत सुरू झाली. २००० सालापासून महाराष्ट्रात इंग्रजी पहिलीपासून आले. वर्षे वाढली, तपासणी मात्र बरीचशी जुनीच राहिली. दहावीला ८० गुण लेखी व २० तोंडी-अंतर्गत. हे २० गुण २०१८-१९ मध्ये काढले, तेव्हा राज्याचा निकाल ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० वर आला. अभ्यासक्रमही नवा होता, हे खरे. पुढच्याच वर्षी गुण परत आले. ओरड झाली ती निकालाची. तोंडी परीक्षेत पोराला खरोखर बोलते करतात का, हे फारसे कुणी विचारले नाही.

‘प्रथम’ संस्थेच्या ‘असर’ पाहणीची रीत आम्हाला पटते. कार्यकर्ते घरी येतात. मोठी अक्षरे, छोटी अक्षरे, शब्द, मग सोपी वाक्ये वाचून घेतात आणि अर्थ विचारतात. काही मिनिटांचे काम. २०२२ च्या पाहणीत देशातील पाचवीच्या साधारण चार मुलांत एकालाच सोपी इंग्रजी वाक्ये वाचता आली. कर्जतच्या वाड्यांतल्या ठाकर-कातकरी लेकरांची अडचण तर दुप्पट. त्यांना पुस्तकातली मराठीच आधी शिकावी लागते. अशा मुलाला अर्थ त्याच्या घरच्या बोलीत सांगू द्यावा, नाहीतर मराठी अडते आणि नापास इंग्रजी होते.

बाबासाहेबांना शाळेत संस्कृत घेऊ दिले नाही, म्हणून त्यांनी फारसी घेतली. विहारात आपण ऐकतो तो ग्रंथ त्यांनी इंग्रजीत लिहिला. तो १९५७ साली, महापरिनिर्वाणानंतर प्रसिद्ध झाला. त्यांच्या लेकरांना अर्थाविना गुण देऊन बोळवणे आम्हाला खपत नाही.

ताई म्हणाल्या, “आम्हाला इंग्रजी येत नाय, आम्ही काय तपासनार?” अहो, येते तपासता. खोपोली लोकलमधून जाताना पळसदरी, केळवली, डोलवली ही नावे मुले सहज वाचतात, कारण ती आधीच ठाऊक असतात. ती परीक्षा नव्हे. फलाटावरची इंग्रजी सूचना वाचायला लावा आणि मराठीत सांग म्हणा. शेजारी मराठी सूचना असेल तर ती हाताने झाका! अडखळले तर मारू नका. आणि शाळा व्यवस्थापन समितीत २००९ च्या कायद्याने तीन-चतुर्थांश पालक असतात, निम्म्या स्त्रिया असतात. तिथे बसून नुसती सही करू नका. न शिकवलेला उतारा मुलांना महिन्यातून किती वेळा देता, ते विचारा. उत्तरे लिहिलेली वहीही बघायला मागा.

आम्ही चपला घालून मागे पाहिले, तर ताईंनी खिरीच्या सामानातले एक रिकामे पाकीट मुलीपुढे धरले होते. “हां, वाच. आनि मराठीत सांग.”