दवाखान्यातून सुटला, म्हणजे बरा झाला?



२०१६ साली सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात रानातली माकडे मरू लागली आणि काजूच्या बागांत राबणारी माणसे तापाने फणफणली. हा माकडताप. १९५७ साली शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात तो प्रथम ओळखला गेला. नाव माकडाचे, पण तो माणसाला देते ती गोचीड.

हा घाटातल्या जंगलपट्ट्याचा रोग. आपल्या बाभळीच्या माळावर तो येईल अशी भीती घालायला मी बसलेलो नाही. मला दाखवायचा आहे तो हिशोब.

पहिला ताप आठवडा-दीड आठवड्यात उतरतो. घरचे सुटकेचा श्वास टाकतात. पण दहांतल्या एक-दोघांना थोड्या दिवसांनी ताप उलटतो आणि मेंदूवर जातो. डोके ठणकते, मान ताठते, हात थरथरतात, नजर अंधुक होते. शंभरात तीन ते पाच दगावतात. नेमके औषध नाही. जुनी लसही २०२२ साली बंद झाली. वाचलेल्यांचा अशक्तपणा आठवडेच्या आठवडे, काहींचा महिनोन्‌महिने हटत नाही. रोगाचा हंगाम डिसेंबर ते मे. म्हणजे आपल्याकडे कापसाची वेचणी, शाळूची काढणी आणि कोयता, सगळे त्यातच आले!

आता सरकारी वही उघडा. शेतकरी अपघात योजनेत मरण मोजतात, हातपाय किंवा डोळा कायमचा गेला तर तेही मोजतात. आजाराला तिथे जागाच नाही. मेंदूज्वरातून उठलेला गडी सहा महिने खुरपे धरू शकत नाही, त्याला कोणता रकाना? मेला नाही, लुळा झाला नाही, म्हणून धडधाकट! कोयत्याच्या जोडीतला एक आडवा पडला की दुसऱ्याचा कोयताही थांबतो. उचल मात्र अंगावर राहते. कृषी विद्यापीठात मी एकरी खर्च मांडायला शिकलो, त्यात आजारपणाची ओळ कधी नव्हती. (मजुराची होती, तीही कमी धरलेली.)

बैलाची गोचीड नखाने चिरडू नका. घाटाकडून आलेल्या माणसाला ताप आला, तर तो कुठल्या रानात होता हे डॉक्टरांना आधी सांगा.

आणि पुढच्या बैठकीला येताना गावातली नोंद आणा. कोणत्याही मेंदूज्वरातून उठलेले किती, ते किती दिवस शिवारात गेले नाहीत, त्यांचे काम कोणी ओढले, सावकाराकडून किती काढले. हा कागद घेऊन आपण जिल्हाधिकाऱ्यांकडे जाणार आहोत.