एन एम म्हणजे काय रे?

प्रात्यक्षिक परीक्षेच्या वेळी तोंडी प्रश्न विचारताना मी एकदा एका मुलापुढे मोटारीच्या माहितीचा कागद ठेवला आणि टॉर्कचा आकडा वाचायला सांगितला. "दोनशे पन्नास एन एम," तो म्हणाला. "एन एम म्हणजे काय रे?" क्षणभर थांबून उत्तर आले, "नॅनोमीटर, सर!" कागदावर एन मोठा छापलेला होता, म्हणजे ते न्यूटन-मीटर. नॅनोमीटरचा एन लहान असतो. मुलगा हुशार होता, गणिते बिनचूक सोडवी. पण अक्षरे म्हणता म्हणता त्यांच्यामागचे एकक कधी निसटले, हे त्याला कळलेच नव्हते.

विद्यार्थी मित्रहो, लिहिताना आपण संक्षेप करतो तो वेळ आणि जागा वाचावी म्हणून. वाचताना तो उलगडायचा असतो. मराठीत हे आपण सहज करतो. पत्राखाली 'ता. क.' दिसले की 'ताजा कलम' म्हणतो, 'इ. स.' दिसले की 'इसवी सन'. इंग्रजीतही तसेच आहे. वजनापुढे एल बी लिहितात, कारण ते 'लिब्रा' या लॅटिन शब्दाचे लघुरूप; पण वाचतात 'पाउंड'. ई. जी. असे लिहिलेले 'फॉर एक्झाम्पल' असे वाचतात. उलट डीएनए, एलईडी यांची अक्षरेच म्हणायची, आणि लेसर, रडार हे तर आता सरळ शब्दच होऊन बसले आहेत. यात नियम थोडा, रूढी फार.

एककांची गोष्ट मात्र रूढीवर सोडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. एककाचे चिन्ह दिसले की त्याचे पूर्ण नावच उच्चारावे. कारण लहान-मोठ्या अक्षरांतला भेद डोळ्यांना दिसतो, कानांना नाही. एम डब्ल्यू मधला एम लहान असेल तर मिलिवॅट, मोठा असेल तर मेगावॅट. दोहोंत फरक किती? एक अब्ज पट! पहिले एकक लेसर पॉइंटरला शोभते, दुसरे वीजकेंद्राला. "एम डब्ल्यू" असे नुसते ऐकणाऱ्याने काय समजावे?

दुसरे उदाहरण गुरुत्व त्वरणाचे. ९.८ पुढचे एकक वर्गावर्गांतून "एम बाय एस स्क्वेअर" असे म्हटले जाते. शिक्षक बंधुभगिनींना दोष देत नाही. फळ्यावर भराभर लिहिताना मीही कित्येक वर्षे तसेच म्हणत आलो. मग मुले विचारत, "सर, सेकंदाचा वर्ग म्हणजे काय?" प्रश्न रास्त होता, आणि घोटाळा माझ्या वाचनाने केलेला होता. आता मी "मीटर प्रति सेकंद, प्रति सेकंद" असे वाचतो. लांबलचक आहे खरे, पण त्यातच अर्थ येतो: खाली पडणाऱ्या वस्तूचा वेग दर सेकंदाला ९.८ मीटर प्रति सेकंद इतका वाढतो (हवेचा विरोध सोडून). तेव्हापासून तो प्रश्न क्वचितच येतो.

केल्विनला अजूनही कोणी "अंश" जोडतात. तो अंश १९६७ साली आंतरराष्ट्रीय परिषदेने काढून टाकला. "तीनशे केल्विन" एवढेच म्हणावे.

आणि घरी विजेचे बिल येते ना, ते आज काढून पाहा. त्यातले के डब्ल्यू एच अनेक सुशिक्षित लोक "किलोवॅट पर अवर" असे वाचतात. इथे तर नाव घेऊनही चूक झाली, कारण गुणाकाराचा भागाकार झाला! ते आहे किलोवॅट-तास: हजार वॅटची शेगडी एक तास चालली, की एक युनिट. नऊ वॅटचा एलईडी दिवा तेवढ्याच विजेवर सुमारे १११ तास जळेल. दोन्ही गुणाकार करून पाहा, आणि मग बिलावरचा आकडा घरातल्या मंडळींना मोठ्याने वाचून दाखवा.