वजनाच्या जुन्या नोंदी मागा

सायखेडा-चांदोरीसारख्या गोदाकाठच्या गावांत दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरांना ‘पोरगी जेवतच नाही’ ही तक्रार नवी नाही. हिमोग्लोबिन पाहिले जाते. लोहाच्या गोळ्या, जंताचे औषध, भुकेचे सिरप दिले जाते. पण तिचे वजन कधीपासून उतरते आहे आणि लहानपणी ते कसे होते, हे विचारायचे राहून जाते.

या तक्रारीमागे अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसा हा आहारविकारही असू शकतो. ते शहरी मुलींचे बारीक होण्याचे खूळ नव्हे. जुळ्यांच्या अभ्यासांत या आजारामागे आनुवंशिकतेचा निम्मा किंवा त्याहून अधिक वाटा दिसतो. सुमारे १७ हजार रुग्णांच्या २०१९ मधील जनुकीय अभ्यासात त्याचे नाते मानसिक विकारांशी आणि चयापचयाशीही आढळले. त्याच वर्षी ब्रिस्टल परिसरातील अभ्यासाने दाखवले, की पुढे अ‍ॅनोरेक्सिया झालेल्या मुलींचे वजन चार वर्षांच्या आणि मुलांचे दोन वर्षांच्या सुमारासच इतरांहून कमी होते. बुलिमिया (भरपूर खाऊन ओकाऱ्या काढण्यासारखे उपाय करण्याचा विकार) झालेल्यांचे वजन मात्र लहानपणी जास्त होते.

हे निष्कर्ष प्रामुख्याने युरोपीय वंशाच्या लोकांवरचे आहेत. पुण्याजवळच्या खेड्यांत डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि केईएम हॉस्पिटलच्या सहकाऱ्यांना नवजात बाळांचे सरासरी वजन २.७ किलोच्या आसपास आढळले. बाळे किरकोळ, तरी त्यांच्या शरीरात चरबीचे प्रमाण टिकून होते. म्हणून आपल्याकडे एका आकड्यावरून निदान करू नये. कुपोषण, क्षयरोग, सिलिअ‍ॅक आधी तपासावेत आणि वजनाचा आलेख पाहावा.

अंगणवाडीत सहा वर्षांपर्यंत वजन नोंदले जाते. पुढे शालेय आरोग्य तपासणी होते. पालकांना त्या नोंदी आणायला सांगा आणि त्या वाढीच्या तक्त्यावर मांडा. रेषा खाली वळली असेल, तर जेवण टाळणे, ओकाऱ्या काढणे, पाळी यांविषयी मुलीला एकटीला विचारा. ‘जाड होईन’ असे ती कदाचित म्हणणार नाही. ‘पोट गच्च होतं’ म्हणेल. तेवढ्यावरून आहारविकार नाही, असे ठरवू नका. नाडी ५० च्या खाली असेल, उभे राहताच रक्तदाब घसरत असेल, तर तिला रुग्णालयात पाठवा. फार खंगलेल्या मुलीला एकदम भरपूर खाऊ घालू नका. फॉस्फेट झपाट्याने घसरून जिवावर बेतू शकते.

बुलिमिया झालेल्यांचे वजन लहानपणी जास्त होते, हे ध्यानात ठेवून स्थूल मुलाला दवाखान्यात हिणवू नका, उपाशी राहण्याचा सल्लाही देऊ नका. आईला दोष देऊ नका; अंगकाठी आणि भूक काही अंशी वारशाने येतात, आणि वारसा म्हणजे अटळ भविष्य नव्हे.

अंगणवाडी आणि शाळेच्या नोंदी आरोग्य विभागाने एकाच पत्रिकेत जोडाव्यात, ही आमची मागणी आहे. तोवर हे काम गावातल्या डॉक्टरांनीच करायला हवे.