नॉमिनी म्हणजे मालक नव्हे

‘सोसायटीत नॉमिनेशन केलंय, आता मृत्युपत्र कशाला?’ हा सवाल चांगली शिकलेली माणसंही छातीठोकपणे टाकतात. वर दाखला 2016 च्या इंद्राणी वाही खटल्याचा: सभासद वारल्यावर सोसायटीने भाग नॉमिनीच्या नावे करावेत, असं सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय ना? म्हटलंय. पण मालकीचा दावा वारसांनी योग्य ठिकाणी लावावा, ही मोकळीक त्याच निकालात आहे, ती सोयीस्कर विसरली जाते. महाराष्ट्राने तर 2019 च्या दुरुस्तीने नॉमिनीला तात्पुरता सभासद करून टाकलं.

ठाण्यातला एखादा स्वकष्टार्जित फ्लॅट घ्या. वडिलांनी थोरल्या मुलाला नॉमिनी केलं आणि मृत्युपत्र न करताच गेले. मागे पत्नी, हा मुलगा, दोन विवाहित मुली आणि वडिलांची म्हातारी आई. हिंदू वारसा कायद्याने पाचांना सारखा वाटा. शेअर सर्टिफिकेटवर नाव चढलं म्हणून मुलगा फ्लॅट विकायला निघतो, तर घेणाऱ्याची बँक बाकी चौघींचं हक्कसोडपत्र मागते. मग बहिणींच्या सह्यांसाठी मनधरण्या. त्यात आजी गेली, की तिच्या वाट्यावर आत्या-काकांचाही हक्क.

दुसरा पंथ बक्षीसपत्रवाल्यांचा. मुलांना राहतं घर देताना मुद्रांक शुल्क अवघं 200 रुपये, हे खरं. पण एकदा दिलेलं घर मनात आलं म्हणून परत घेता येत नाही. म्हातारपणी स्वतःच्याच घरात पाहुणा होण्यासाठी 200 रुपयेही जास्तच!

मृत्युपत्राला लोक बिचकतात ते प्रोबेटच्या, म्हणजे मृत्युपत्रावर कोर्टाची मोहोर घेण्याच्या, धास्तीने. ही धास्ती मुळात मुंबईची. मृत्युपत्र आणि मिळकत दोन्ही पुण्या-नाशिकची असतील, तर हिंदूंना प्रोबेटची सक्ती आधीही नव्हती. डिसेंबर 2025 मध्ये संसदेने भारतीय उत्तराधिकार कायद्यातलं कलम 213 च काढून टाकलं, तेव्हा मुंबईतलीही सक्ती गेली. वारसांत तंटा असेल तर कोर्टाची पायरी टळत नाही, हे मान्य; पण तंटा असला की नॉमिनेशननेही ती टळत नाही.

मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही, साधा कागद चालतो. नोंदणी ऐच्छिक आहे, तरी करावीच. दोन साक्षीदार मात्र आपल्याहून लहान वयाचे घ्यावेत. प्रकरण कोर्टात गेलं तर मृत्युपत्र शाबीत करायला त्यांतला एक तरी हयात असलेला बरा; नाहीतर सह्या-हस्ताक्षरं पटवून देण्याची कसरत करावी लागते. बरोबरीच्या मित्रांना साक्षीला बसवायची आपली हौस इथे महागात पडते. आणि घर ज्याला द्यायचं, नॉमिनेशनच्या फॉर्मवरही त्याचंच नाव घालावं, म्हणजे सोसायटीच्या सेक्रेटरीला दोन कागदांतली विसंगती दाखवून फाईल अडवून ठेवता येत नाही.